एक तास पोटाचा, तेवीस तास आपले

बाई गं,

परवा तुझ्या आईचा फोन आला. पाऊस, सोयाबीन, शेजारच्यांची म्हैस असं सगळं बोलून झाल्यावर तिनं आवाज खाली आणला. "ताई, डॉक्टरांनी हिला ते पाण्याचं शिकवलंय. तुम्हाला ठाऊकच असेल."

ठाऊक नसायला काय झालं! वीस वर्षांपूर्वी गच्चीवर कुरडया घालायला निघाले नि शिडीवरून थेट अंगणात आले. कुरडया शेजारणीनं उचलल्या, मला चौघांनी. कमरेखालचं अंग मुकं झालं. पोट मात्र मुकं झालं नाही, ते भलत्या वेळी बोलायला लागलं. पाणी घ्यायला, म्हणजे मागच्या वाटेनं नळीतून पाणी सोडून पोट साफ करायला, लागून आता सात वर्षं झाली. करण्यासारख्या चुका मी सगळ्या करून ठेवल्यात, तुझ्या वाटणीला फारशा उरल्या नाहीत. काय करायचं ते डॉक्टर सांगतात, पण त्यांचं सांगणं आणि आपली न्हाणी यांच्यात थोड्या फटी राहतात. त्या बुजवण्यापुरतं हे लिहिते.

सुरू करण्याआधी

१. पहिलं पाणी नर्सच्या नाहीतर डॉक्टरांच्या समोरच घे, आणि त्यांनी बोटानं आतून तपासल्याशिवाय घेऊच नको — वाट अरुंद आहे की कडक मळ अडून बसलाय, हे बोटाला कळतं, नळीला कळत नाही.

२. आतड्याला सूज, गाठ, गेल्या काही महिन्यांतलं पोटाचं ऑपरेशन, रक्त पातळ करायच्या गोळ्या, दिवस गेल्याची शंका, यातलं काहीही असेल तर न विचारता सांगून टाक — अशा पोटात पाणी सोडणं धोक्याचं असतं. लपवलेलं दुखणं दुप्पट व्याज मागतं.

३. मोबाईलवर बघून नवीन काही करू नको, अगदी मी सांगितलेलंसुद्धा डॉक्टरांच्या कानावर घाल — माझा मणका वेगळा, तुझा वेगळा. पोटावर पिशवी असलेला माणूसही पाणी घेतो, पण त्याची रीत तिसरीच.

४. आपला मणका कुठे दुखावलाय ते नाव-गावासारखं पाठ ठेव — पाठीचा सहावा मणका किंवा त्याच्या वर इजा असेल, तर पाणी घेताना रक्तदाब एकदम उसळू शकतो.

५. तसं असेल आणि मधेच डोकं ठणकायला लागलं, चेहरा तापला, घाम फुटला, तर पाणी तिथंच थांबव, नळी काढ, ताठ बस आणि १०८ ला फोन लावायला सांग — हे "बघू थोड्या वेळानं" म्हणायचं दुखणं नाही.

६. नळीच्या टोकाचा फुगा किंवा हातमोजा रबरी असेल आणि अंगाला खाज सुटली, पुरळ उठलं, तर लगेच सांग — काहींना रबर सोसत नाही, जन्मतः मणक्याचा दोष असलेल्या पोरांना तर विशेष.

७. पोट साफ व्हायच्या जुन्या गोळ्या आपल्या मनानं एकदम सोडू नको — पाणी रुळेपर्यंत त्या हाताशी लागतात, त्या कमी करायचं काम डॉक्टरांचं.

घड्याळ

८. वेळ एकच धर, आणि ती चहा-नाश्त्यानंतर वीस-तीस मिनिटांनी ठेव — पोटात घास पडला की मोठं आतडं आपसूक हलायला लागतं, ती फुकटची मदत का सोडायची? पोटाला घड्याळ वाचता येत नाही, पण सवय बरोबर कळते.

९. रोज की दिवसाआड, ते डॉक्टर ठरवतील. एकदा ठरलं की पाहुणे आले म्हणून मोडू नको — एक खाडा झाला की पोट दोन दिवस रुसतं. माझं तर महालक्ष्म्यांच्या जेवणातच रुसलं होतं.

१०. पहिले दोन-तीन महिने "हे आपल्याला जमायचं नाही" असं रोज वाटेल, वाटू दे — घडी बसायला चार ते बारा आठवडे लागतात. मी तिसऱ्या आठवड्यात सगळं सामान माळ्यावर टाकलं होतं, पाचव्यात तुझ्या काकाला शिडी लावायला लावली.

११. पाणी कमी-जास्त करायचं असो की वेळ बदलायची असो, एका वेळी एकच बदल कर आणि आठवडाभर बघ — चार खुंट्या एकदम पिळल्या तर सूर कोणत्या तारेनं बिघडवला ते कळत नाही.

१२. कालनिर्णयवर दुधाच्या खाड्याशेजारी एक ठिपका आणि एक आकडा लिहीत जा, पाणी किती मिली नि कसं झालं — डॉक्टर विचारतील तेव्हा आठवण दगा देते, ठिपका देत नाही. एकदा पाहुणीनं विचारलं, "एकादशीला सातशे कसले?" मी म्हटलं, "भिशीचे."

पाणी

१३. जे पाणी तू पिणार नाहीस, ते आत सोडू नको — आतडं पाणी शोषतं, आणि पाण्याबरोबरची घाणही. जे ओठाला चालेल, तेच पोटाला.

१४. आपल्याकडे नळ रोज येत नाही, उन्हाळ्यात टँकर नाहीतर बोअर. तेव्हा उकळून, झाकून, निववलेलं एक गंजभर पाणी वेगळंच ठेव — साठवलेलं पाणी दिसतं नितळ, पण असतंच असं नाही.

१५. पाणी अंगाइतकं कोमट हवं, ३६ ते ३८ अंश. शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर घे आणि तोच खरा मान — आपल्या खालच्या अंगाला चटका कळत नाही, त्यामुळे आत भाजलं तरी ते ओरडून सांगणार नाही.

१६. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी थेट पिशवीत भरू नको — दुपारी ते चहाच्या आधणासारखं येतं. मी एकदा भरलं होतं. नशीब, पिशवी धरताना बोटं पोळली आणि बोटांनीच पोट वाचवलं.

१७. पौषात उलटं, माठातलं गार पाणी "चालतंय" म्हणून घेऊ नको — गार पाण्यानं आतडं आखडतं, कळ येते आणि पाणी आतच अडून बसतं.

१८. साबण, लिंबू, तेल, काढा, कॉफी असलं काही पाण्यात मिसळू नको, कुणी कितीही गुण सांगो — आतड्याचं अस्तर नाजूक असतं, साबणानं ते सोलवटतं. साधं पाणी म्हणजे साधं पाणी.

१९. माप डॉक्टरांनी लिहून दिलेलंच घे. मोठ्या माणसाला साधारण अर्धा ते एक लिटर लागतं, मला सातशे मिली पुरतं — जास्त पाण्यानं जास्त साफ होत नाही, नुसती कळ वाढते. दिवसभराची गळती येते ती वेगळीच.

२०. आत घालायच्या आधी नळीतून थोडं पाणी बाहेर सोडून दे — नळीतली हवा आत गेली की पोट उगाच ढोलासारखं फुगतं.

खुर्चीवर

२१. बसायच्या आधी पाणी, नळी, जेल, टमरेल, टॉवेल, पिशवी आणि मोबाईल हाताच्या टप्प्यात मांडून घे — एकदा बसल्यावर लांबच्या फळीवरचा टॉवेल पुण्याइतका लांब वाटतो.

२२. आधी लघवी काढून टाक. पण लघवीचं सामान आणि पाण्याचं सामान दोन वेगळ्या डब्यांत ठेव, दोन रंगांच्या झाकणांचे — मळाचे जंतू लघवीच्या वाटेला लागले की ताप भरतो. शेजार चांगला असला तरी कुंपण हवंच.

२३. नळी सरकत नसेल तर थांब, जरा बाहेर घे, अंग सैल सोड, मग पुन्हा बघ. जोर मात्र कधीच लावू नको — आतड्याला भोक पडणं फार दुर्मीळ, लाखो वेळांत एखाद्या वेळी होतं, पण झालं तर जिवावर बेततं. आणि ते जास्त करून सुरुवातीच्या आठवड्यांतच होतं.

२४. फुगा शिकवलाय तितकाच फुगव, निसटला म्हणून दोन दाब वाढवू नको — बऱ्याचदा मळ खाली आलेला असतो म्हणूनच तो बाहेर पडतो. तो भांडत नसतो, निरोप देत असतो.

२५. नुसती टांगायची पिशवी असेल तर ती खांद्याच्या उंचीला टांग — उंची वाढली की पाण्याचा जोर वाढतो. मी खिडकीच्या सगळ्यात वरच्या गजाला अडकवली होती. मनातल्या मनात धबधबा म्हटलं आणि पाच मिनिटांत पोटात मुरडा आला.

२६. पाणी हळूहळू सोड, कळ आली की चिमटा बंद कर, दहा श्वास मोज, मग पुढे — आतडं घाबरलं की आवळतं. पाण्याला रेटा नको, वाट द्यावी.

२७. नळी काढल्यावर लगेच उठायची घाई करू नको, अर्धा तास हाताशी धर — पहिला लोंढा आला म्हणजे संपलं असं नसतं. मागचं उरलेलं बरोबर पाहुण्यांसमोर येतं.

२८. थोडं पुढे वाक आणि पोटावरून हात फिरव: उजवीकडून खालून वर, मग आडवा, मग डावीकडे खाली — मोठं आतडं त्याच रस्त्यानं जातं. उलटा हात फिरवणं म्हणजे गाडी यार्डात परत ढकलणं.

२९. पाणी परत आलंच नाही तर दुसरी पिशवी लावू नको. पाणी पी, वाट बघ, दुसऱ्या दिवशीही तसंच झालं तर डॉक्टरांना कळव — अंगात पाणी कमी असलं की आतडंच ते पिऊन टाकतं, नाहीतर वर कडक मळ अडलेला असतो.

३०. कमोडच्या खुर्चीला मऊ गादी लाव, मधेमधे हातांवर जोर देऊन बूड उचल आणि रात्री आरशात मागची कातडी बघ — आपल्याला टोचत नाही, म्हणून जखम गुपचूप होते. माझी एक भरायला चार महिने लागले होते, सगळा घोटाळा एका तुटक्या कडेचा.

३१. सुरुवातीला कुणीतरी हाकेच्या अंतरावर असू दे, आणि झाल्यावर पाच मिनिटं बसून गूळ-पाणी घे — काहींना पाणी गेल्यावर गरगरतं, घाम येतो.

३२. पोट असह्य दुखणं, ते लाकडासारखं कडक होणं, रक्त न थांबणं, ताप, उलटी, यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी दवाखाना — रक्ताचा एखादा थेंब चालतो, धार चालत नाही. आता २०२४ पासून वाशिमलाच सरकारी मेडिकल कॉलेज झालंय, "अकोल्याला कोण जाणार" हे कारण संपलं.

ताट

३३. दिवसभर पाणी पी, लघवीच्या भीतीनं तहान मारू नको — वरून कोरडं ठेवलं की खालून घेतलेलं पाणी आतडं चोरून पितं.

३४. भाकरी, तुरीचं वरण, पालेभाजी खा, पण कुणी सांगितलं म्हणून एकदम वाटीभर कोंडा नको — ज्याचं आतडं हळू चालतं त्याच्या पोटात कोंड्याचं लिंपण होतं. नेहमीचं ताट नेहमीच्या वेळी, हाच पथ्याचा मोठा भाग.

३५. उपास कर, देव तुझा नि माझाही. पण साबुदाण्याच्या खिचडीवर दोन दिवस काढू नको — नुसत्या साबुदाण्यानं पोट कोंडतं. भगर, ताक, पपई घेतलीस म्हणून कोणता देव रागावतो?

३६. ठेचा, रोडगे, लग्नातला मसाल्याचा रस्सा सोडायची गरज नाही; काय खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी काय झालं एवढं लिही — तुझ्या पोटाचा वैरी कोण, हे तुझं कालनिर्णयच सांगेल. माझा वैरी निघाला सीताफळ, आणि मी दोष देत होते मिरचीला.

सामान

३७. एकदाच वापरायची नळी एकदाच वापर; पिशवी किती वेळा चालते ते पाकिटावर बघ — पैसे वाचवायला मी एक नळी दोनदा वापरली होती, वाचलेल्या पैशांच्या दुप्पट औषधांना गेले.

३८. झाल्यावर पिशवी धुऊन उलटी टांग, ओली गुंडाळून डब्यात कोंबू नको — श्रावणात चार दिवसांत बुरशी धरते. ओली नळी म्हणजे बुरशीचं माहेर.

३९. पंधरा दिवसांचं सामान उरलं की पुढचं मागव, पोळा-दिवाळीच्या तर महिनाभर आधी — पार्सल अकोल्यापर्यंत धावत येतं आणि पुढे चालत येतं.

माणसं

४०. आईबरोबर आणखी एका माणसाला सगळं शिकवून ठेव — आई आजारी पडली की तूही आजारी, असं व्हायला नको. एका खांबावर मांडव घालू नये.

४१. दाराला कडी आणि बाहेरून टकटक, हा नियम पहिल्या दिवशीच लाव — मदत घेतली म्हणजे अब्रू उधार दिली असं होत नाही.

४२. घरात याला एक साधं नाव दे. आमच्याकडे "आत्याची गाडी" म्हणतात — नाव असलं की बोलता येतं, नाहीतर सगळे खाणाखुणा करत फिरतात. गाडी सुटली की चहा, गाडी लेट असेल तर पाहुण्यांना ओट्यावर बसवायचं.

४३. लाज वाटली की गांधीबापूंची आठवण काढ — मार्च १९४६ मध्ये उरुळीकांचनला त्यांनी गावच्या रोग्यांना मातीच्या पट्ट्या, कटिस्नान आणि एनिमा देत आश्रम उभा केला, आणि एनिमाबद्दल ते मोकळेपणानं बोलायचे. त्यांचा एनिमा निसर्गोपचाराचा, आपलं पाणी गरजेचं. उपाय एक नाही, पण लाजेवरचं औषध तेच.

४४. "हे कसलं नवीन खूळ" असं आई म्हणाली तर तिला सांग, २००६ साली छापून आलेल्या अभ्यासात युरोपातल्या पाच देशांमध्ये मणका दुखावलेल्या ८७ माणसांवर दहा आठवडे हे तपासून पाहिलंय — पाणी घेणाऱ्यांची कोंडीही कमी झाली आणि गळतीही. आईला आकडे आवडत नाहीत, पण तुझा हसरा चेहरा दिसला की तोच पुरावा.

४५. दिव्यांग कार्ड काढून घे, आणि अर्जात पोटा-लघवीचं दुखणंही लिही — खुर्ची सगळ्यांना दिसते, ते दुखणं कुणाला दिसत नाही. बायकांना एसटीत २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच, या कार्डावर त्याहून मोठी सवलत मिळते.

बाहेर पडताना

४६. प्रवासाच्या दिवशी पाणी चुकवू नको, उलट तासभर लवकर उठून घे — रिकामं पोट हाच खरा सोबती. मी एकदा "आल्यावर घेऊ" म्हणून निघाले आणि पूर्णा गाडीत हिंगोलीपर्यंत नुसतं छताकडे बघत बसले.

४७. एक तयार पिशवी कायम दाराशी ठेव: दोन चड्ड्या, पॅड, ओले रुमाल, काळी प्लास्टिकची पिशवी, एक लुगड्याचा तुकडा, एस आकाराचा हूक — ही पिशवी सोबत असली की ती बहुधा उघडावीच लागत नाही. छत्री नेली की पाऊस येत नाही, तसंच.

४८. पोहरादेवीच्या यात्रेला जा की पाहुण्यांकडे मुक्कामाला, उकळलेलं पाणी थर्मासमध्ये घरूनच ने — परगावचं पाणी जिभेला गोड लागलं तरी आतड्याला परकंच असतं.

४९. मुक्कामाच्या घरी पोचल्याबरोबर सगळ्यात मोठ्या बाईला बाजूला घेऊन सांग, "मला सकाळी तासभर न्हाणी लागेल" — कारण विचारलंच तर खरं सांग. दहातल्या नऊ बायका म्हणतील, "माझ्या सासूलाही असंच काहीतरी होतं."

५०. एखाद्या दिवशी सगळं नीट करूनही फजिती होईल. धू, बदल, चहा पी आणि पुढच्या वेळेला पुन्हा त्याच वेळी बस — एका गळतीवरून सगळी पागोळी मोजायची नसते.

आता एक गोष्ट, जी मी तुला कधी सांगितली नाही. तुझा दहावीचा निकाल लागला तेव्हा तू पेढे घेऊन फोनवर बोलावत राहिलीस, आणि मी आले नाही. तू महिनाभर म्हणत होतीस की आत्या रागावली. राग नव्हता गं. साडी नेसून, खुर्चीत बसून, दाराशी येऊन परत फिरले होते, कारण त्या दिवशी पोटाचा भरवसा नव्हता. तेव्हा हे पाणी मला कुणी शिकवलं नव्हतं. एक तास पोटाला दिला असता, तर तो दिवस माझा असता.

तुझे असे दिवस जाऊ नयेत, एवढ्यासाठी हे पन्नास कलमी पुराण.

येत्या अक्षय तृतीयेला मी येतेय. सकाळची माझी गाडी सुटली की निघेन, दुपारच्या आंब्याच्या रसाला पोचेन. न्हाणीत खांद्याच्या उंचीला दोन हूक ठोकून ठेव — एक तुझा, एक माझा.

तुझी
आत्या